आर्क्टिकचा अभ्यास सुरू करताना: आधी हिम, मग बाकी सगळं

उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात हवामान बदलाचा जीवसृष्टीवर काय परिणाम होतोय, हा विषय हाती घेणारे बहुतेक जण सगळ्यात आधी तापमानाचा आलेख उघडतात. त्यात काही चूक नाही. 1979 पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगानं तापला, असं 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात दिसलं, आणि हा आकडा कुणालाही अस्वस्थ करेल असाच आहे. पण तापमानाच्या आलेखावरून थेट रेनडिअरच्या संख्येवर उडी मारली की अभ्यास तिथेच फसतो. कारण मधे बरंच काही असतं. हिमाचा थर किती जाड होता, तो कधी वितळला, खालची जमीन किती खोलपर्यंत सुटली, पाणी साचून राहिलं की वाहून गेलं, या सगळ्यांतून गाळून मगच हवेतली ऊब झाडापर्यंत, किड्यापर्यंत आणि प्राण्यापर्यंत पोचते. म्हणून नव्यानं येणाऱ्याला माझं सांगणं एकच असतं: तापमान बघाच, पण मोजायला सुरुवात करा ती हिमापासून आणि पायाखालच्या जमिनीपासून.

जीवशास्त्र, भूगोल, पर्यावरणशास्त्र यांपैकी कशाचाही थोडा पाया असेल आणि या प्रदेशाकडे पहिल्यांदाच वळत असाल, तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत.

पहिली पायरी: नकाशा आणि शब्द नीट करून घ्या

आर्क्टिक नेमकं कुठून सुरू होतं? शाळेत शिकलेलं आर्क्टिक वृत्त 66 अंश 33 मिनिटांच्या आसपास आहे, पण ती सूर्यप्रकाशाची सीमा झाली. झाडं-प्राणी ती रेषा मानत नाहीत. परिसंस्थेच्या अभ्यासात जुलै महिन्याचं सरासरी तापमान 10 अंश सेल्सिअसच्या खाली राहतं तो भाग आर्क्टिक धरण्याची पद्धत आहे, आणि ही रेषा ढोबळमानानं वृक्षरेषेशी जुळते. तिच्या उत्तरेला टुंड्रा: खुरटी झुडपं, गवतासारख्या वनस्पती, शेवाळं आणि दगडफूल. दक्षिणेला उपआर्क्टिक: स्प्रूस, लार्च, बर्च यांची जंगलं म्हणजेच तैगा, आणि अधूनमधून पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या, मैलोन्‌मैल दलदली. नॉर्वेच्या किनाऱ्यावर उबदार सागरी प्रवाहामुळे वृत्ताच्या बऱ्याच उत्तरेलाही बर्चची जंगलं आहेत, तर ग्रीनलंडच्या दक्षिण भागात वृत्ताच्या खालीसुद्धा टुंड्रा सापडतो. म्हणून अक्षांशावरून परिसंस्थेचा अंदाज बांधू नका.

आता शब्दांकडे. मराठीत आभाळातून भुरभुरत पडतं तेही बर्फ आणि तळं गोठून जो कडक थर होतो तोही बर्फच. बोलताना काही बिघडत नाही, पण या विषयात हा फरक जीवनमरणाचा आहे. मी इथे पडलेल्या, हवा धरून ठेवणाऱ्या थराला हिम म्हणतो आणि गोठलेल्या घट्ट पाण्याला बर्फ. स्वतःच्या टिपणवहीतही असे दोन वेगळे शब्द ठरवून टाका. रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांच्या भाषेत तर हिमाच्या अवस्थांसाठी मोठा शब्दसंग्रह आहे. चुओह्की म्हणजे कुरणावर जमिनीलगत धरलेला असा बर्फाचा थर, की ज्याखालचं दगडफूल जनावराला खाताच येत नाही. एका शब्दात अख्खी परिसंस्थेची घटना सांगितलेली आहे.

तिसरा शब्द पर्माफ्रॉस्ट. सलग दोन वर्षं किंवा जास्त काळ शून्य अंशावर किंवा त्याखाली राहिलेली जमीन, मग ती माती असो, खडक असो किंवा पीट. तिच्या डोक्यावरचा जो थर दर उन्हाळ्यात सुटतो आणि हिवाळ्यात परत गोठतो, तो सक्रिय थर. मुळं, किडे, जिवाणू, सगळा संसार याच थरात. उत्तरेकडच्या पर्माफ्रॉस्ट प्रदेशातल्या जमिनीत सुमारे 1,460 ते 1,600 अब्ज टन सेंद्रिय कार्बन साठलेला आहे, म्हणजे आज वातावरणात आहे त्याच्या जवळपास दुप्पट. सक्रिय थर काही सेंटिमीटरनी वाढला तर एवढी काळजी का करायची, याचं उत्तर या आकड्यात आहे.

दुसरी पायरी: साखळी वाचायला शिका

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

हिम हे पांघरूण आहे. जाड हिमाखाली जमीन हिवाळाभर हवेपेक्षा कितीतरी उबदार राहते. हिम आणि जमीन यांच्यामधल्या पोकळीत लेमिंग हे उंदरासारखे छोटे प्राणी बिळं करून हिवाळा काढतात, पिल्लंही घालतात. पांघरूण पातळ झालं किंवा मधेच भिजून गोठलं, की हे घर मोडतं. लेमिंगवर कोल्हा, हिमघुबड आणि मुंगसासारखा स्टोट जगतात. म्हणजे हिवाळ्यातल्या एका उबदार आठवड्याचा हिशोब पुढच्या उन्हाळ्यात घुबडाच्या रिकाम्या घरट्यात दिसू शकतो.

आता एक खरी घटना घ्या. नोव्हेंबर 2013 मध्ये सायबेरियातल्या यामाल द्वीपकल्पावर हिमावर पाऊस पडला आणि मग कडाक्याची थंडी आली. कुरणांवर बर्फाचं कवच धरलं. रेनडिअर खुरांनी हिम उकरून खालचं दगडफूल खातात, पण ते कवच खुरांनी फुटेना. त्या हिवाळ्यात सुमारे 61,000 रेनडिअर उपासमारीनं मेले आणि नेनेत्स पशुपालकांच्या अनेक कुटुंबांचे कळपच गेले. असा पाऊस शरद ऋतूत बॅरेंट्स आणि कारा समुद्रांवर बर्फ कमी असण्याशी जोडला गेला आहे: उघडं पाणी जास्त, हवेत बाष्प जास्त. समुद्रावरचा बर्फ, त्यावरून हवेतलं बाष्प, बाष्पातून पाऊस, पावसातून कुरणावरचं कवच आणि शेवटी उपाशी जनावर. या साखळीत वार्षिक सरासरी तापमान कुठेच थेट येत नाही. ज्यानं फक्त सरासरी पाहिली त्याला या 61,000 जनावरांचं मरण दिसलंच नसतं.

नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातली साखळी आणखी शिकण्यासारखी आहे. तिथे हिमावर पाऊस पडलेल्या वर्षी रेनडिअर, टार्मिगन पक्षी आणि तिथला उंदीर, तिघांचीही संख्या एकदमच खाली येते. आर्क्टिक कोल्हा मात्र त्या वर्षी मजेत असतो, कारण मेलेले रेनडिअर त्याला आयते मिळतात. त्याची संख्या घसरते ती पुढच्या वर्षी. समजा तुम्ही फक्त कोल्ह्यांचा अभ्यास करत असता आणि त्याच वर्षीच्या हवामानाशी आकडे जुळवत बसला असता, तर पाऊस कोल्ह्याला चांगला, असा निष्कर्ष काढून मोकळे झाला असता. म्हणून परिणामाला लागणारा उशीर धरूनच आकडे जुळवायची सवय पहिल्यापासून लावून घ्या.

आणि तापमान वाढलं म्हणजे हिम कमी, हे समीकरणही डोक्यातून काढून टाका. उबदार हवा जास्त बाष्प धरते, त्यामुळे काही ठिकाणी हिवाळ्यात जास्तच हिम पडतं. ईशान्य ग्रीनलंडमधल्या झॅकेनबर्ग संशोधन स्थानकापाशी 2018 साली इतकं हिम साचलं आणि इतकं उशिरापर्यंत टिकलं, की त्या परिसरातल्या बहुतेक वनस्पतींचं आणि प्राण्यांचं त्या वर्षीचं पुनरुत्पादनच झालं नाही. दोन दशकांहून जास्त नोंदी हाताशी होत्या म्हणूनच ते वर्ष किती वेगळं होतं हे तिथल्या शास्त्रज्ञांना ठामपणे सांगता आलं.

शेवटचं उदाहरण झुडपांचं. अलास्काच्या उत्तर उतारावर 1940 च्या दशकात तेलाच्या शोधासाठी विमानातून काढलेले फोटो होते. नंतरच्या संशोधकांनी त्याच जागांचे त्याच कोनातून परत फोटो काढले, तेव्हा अल्डर, विलो आणि खुरटा बर्च पसरलेले स्पष्ट दिसले. यामागे ऊब आहेच, पण एक चक्रही आहे. झुडूप वाऱ्यानं उडणारं हिम अडवतं, त्यामुळे त्याच्या बुडाशी पांघरूण जाड होतं, हिवाळ्यात माती कमी गार होते, मातीतले जिवाणू काम करत राहतात, नायट्रोजन मोकळा होतो आणि वसंतात झुडूप आणखी फोफावतं. उन्हाळ्यात मात्र त्याच झुडपाची सावली जमिनीला गार ठेवते. एकच झुडूप हिवाळ्यात माती उबदार ठेवतं आणि उन्हाळ्यात थंड. वर्षाअखेर पारडं कुठे झुकतं हे जागेगणिक बदलतं, आणि नवख्या अभ्यासकाला काम करायला इथे भरपूर वाव आहे.

समुद्राबद्दल थोडक्यात सांगतो, कारण माझा ओढा जमिनीकडे आहे. तिथे बर्फाच्या खालच्या बाजूला वाढणारं शैवाल ही अन्नसाखळीची पहिली कडी. त्यावर चरबीनं भरलेले कॅलॅनस जातीचे बारीक कवचधारी जीव, त्यांच्यावर पोलर कॉड, त्यावर सील आणि पक्षी. अटलांटिकचं उबदार पाणी आत शिरलं की लठ्ठ उत्तरी कॅलॅनसच्या जागी लहान, कमी चरबीचा दक्षिणी नातेवाईक येतो आणि तेवढंच पोट भरायला पक्ष्याला जास्त शिकार करावी लागते. बेरिंग समुद्रात 2018-19 च्या सागरी उष्णतेच्या लाटेनंतर अब्जावधी स्नो क्रॅब नाहीसे झाले आणि 2022 मध्ये तिथली या खेकड्याची मासेमारी बंद ठेवावी लागली. तुमचा कल समुद्राकडे असेल तर हीच साखळीची पद्धत तिथेही चालते.

तिसरी पायरी: प्रश्न लहान करा, मग आणखी लहान करा

"हवामान बदलाचा टुंड्रावर परिणाम" हा प्रश्न नव्हे, ते पुस्तकाचं नाव झालं. "हिम लवकर वितळलं तर ड्रायसचं फूल किती दिवस आधी उमलतं?" हा प्रश्न झाला. त्यात एक कारण आहे, एक परिणाम आहे, दोन्ही मोजता येतात आणि एका उन्हाळ्यात निदान सुरुवात तरी होते. ड्रायस हे पांढऱ्या पाकळ्यांचं ठेंगणं फूल सूर्याबरोबर मान फिरवतं, त्याच्या वाटीत किडे ऊब घ्यायला बसतात. झॅकेनबर्गला याच फुलांचा हंगाम आखडत गेला आणि त्यावर येणारे किडेही कमी झाले. एका साध्या फुलावरून केवढी मोठी गोष्ट उलगडली बघा.

प्रश्न लिहून झाला की त्याखाली तीन ओळी लिहा: काय मोजणार, कुठे आणि किती वेळा मोजणार, आणि कोणता आकडा आला तर आपलं म्हणणं चुकीचं मानणार. तिसरी ओळ लिहिता येत नसेल तर प्रश्न अजून कच्चा आहे.

चौथी पायरी: प्रवासाआधी घरबसल्या सहा महिने काम करा

आर्क्टिकला न जाताही खूप काम होतं, आणि जाण्याआधी ते केलंच पाहिजे. समुद्री बर्फाच्या उपग्रह नोंदी 1978 च्या अखेरीपासून सलग आहेत आणि फुकट मिळतात. सप्टेंबरमधला नीचांक वर्षानुवर्षं काढून बघा. 2012 चा सुमारे 34 लाख चौरस किलोमीटरचा आकडा स्वतःच्या हातानं आलेखावर मांडला की तो विसरत नाही. वनस्पतींसाठी लँडसॅट, मोडिस आणि 2015 पासूनची सेंटिनेल-2 ची उपग्रह-चित्रं आहेत. गुगल अर्थ इंजिनवर हे सगळं स्वतःच्या संगणकावर न उतरवताही हाताळता येतं. पर्माफ्रॉस्टच्या तापमानाच्या आणि सक्रिय थराच्या नोंदी जागतिक जाळ्यांवर उघड्या आहेत, तर प्राणी-वनस्पतींच्या नोंदी जीबिफ (GBIF) या खुल्या संग्रहावर.

उपग्रहाच्या हिरवेपणाच्या निर्देशांकाबाबत मात्र सावध राहा. लँडसॅटच्या एका मोठ्या अभ्यासात 1985 ते 2016 या काळात टुंड्रातल्या सुमारे 37 टक्के जागा जास्त हिरव्या झालेल्या आणि सुमारे 5 टक्के जागा तपकिरी पडलेल्या आढळल्या. पण हिरवेपणा वाढला म्हणजे झाडंच वाढली असं नव्हे. हिम लवकर गेलं, एखादं डबकं आटलं किंवा उलट जमीन खचून नवीन डबकं झालं, तरी आकडा बदलतो. लँडसॅटच्या चित्रातल्या 30 मीटरच्या एका चौकोनात झुडूप, शेवाळ, खडक आणि पाणी सगळं मिसळलेलं असतं. त्या चौकोनात नेमकं काय आहे हे कुणीतरी गुडघे टेकून पाहिलेलं असलं पाहिजे.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष मोजमाप

सगळ्यात साधं आणि माझ्या लेखी सगळ्यात मोलाचं अवजार म्हणजे लोखंडी सळई. बोटाएवढी जाड, मीटरभर किंवा थोडी लांब, सेंटिमीटरच्या खुणा केलेली, वर आडवी मूठ. सळई सरळ उभी धरायची आणि शेवाळातून खाली दाबायची. आधी शेवाळ स्पंजासारखं दबतं, मग पीट मऊपणे वाट देतो, मग माती, आणि मग एकाएकी सळई थांबते. गोठलेल्या मातीवर आदळली तर आवाज बोदा येतो आणि हाताला ठोस, किंचित चिकट वाटतं. दगडावर आदळली तर टणकन आवाज होतो आणि मूठ झणझणते. हा फरक कान आणि मनगट दोन-तीन दिवसांत शिकतात. दगड लागला असं वाटलं तर वीतभर बाजूला परत टोचा. मोजताना बोट शेवाळाच्या दाबलेल्या भागावर नव्हे तर जमिनीच्या खऱ्या पृष्ठभागाशी टेकवा. नवखे इथेच दोन-तीन सेंटिमीटर चुकतात, आणि वर्षागणिक होणारा बदल कित्येकदा तेवढाच असतो.

सक्रिय थराच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यात, ज्याला संक्षेपानं CALM म्हणतात आणि जे 1991 पासून चालू आहे, एका चौकोनी जाळीत समान अंतरावर 121 ठिकाणी अशी सळई टोचली जाते. वेळ ठरलेली: उन्हाळ्याच्या शेवटी, जमीन जास्तीत जास्त सुटलेली असताना. जुलैच्या मध्यात घेतलेला आकडा ऑगस्टअखेरच्या आकड्याशी ताडून बघाल तर बदल हवामानाचा नसून तुमच्या तिकिटाच्या तारखेचा असेल. आणखी एक मेख आहे. जमिनीत बर्फ जास्त असेल तर तो वितळल्यावर पृष्ठभागच खाली बसतो. सळई दर वर्षी तेवढीच खोल जाते, आकडा स्थिर दिसतो आणि प्रत्यक्षात पर्माफ्रॉस्ट वितळत असतो. म्हणून जमिनीची उंचीही मोजून ठेवा.

सळईच्या जोडीला छोटे तापमान-नोंदक लागतात: एक गुडघ्याच्या उंचीवर, एक पृष्ठभागावर, एक दहा सेंटिमीटर खाली आणि जमलं तर आणखी एक खोल. हिवाळ्यात पृष्ठभागाच्या नोंदीतला दिवसरात्रीचा चढउतार थांबला की हिमानं पांघरूण घातलं, आणि वसंतात तो परत सुरू झाला की हिम गेलं, असं घरी बसून वाचता येतं. शरदात एक विलक्षण टप्पा दिसतो: हवा शून्याच्या खूप खाली गेलेली असते, पण माती आठवडेच्या आठवडे शून्याला चिकटून राहते, कारण पाणी गोठताना उष्णता सोडतं. त्या काळात जिवाणू जागेच असतात. अलास्कातल्या टुंड्रात वर्षभराच्या मिथेनपैकी निदान निम्मा सप्टेंबर ते मे या थंड महिन्यांत निघतो असं आढळलं आहे. उन्हाळा संपला की गाशा गुंडाळणाऱ्या अभ्यासकांच्या हातून हा निम्मा हिशोब वर्षानुवर्षं निसटत होता. नोंदकांत लिथियमच्या बॅटऱ्या घाला, साध्या बॅटऱ्या थंडीत मान टाकतात. तारा नळीत ओवून ठेवा, खारी आणि कोल्हे त्या कुरतडतात.

ऊब वाढवून पाहण्याचा प्रयोग करायचा असेल तर वर उघडी असलेली पारदर्शक, तिरक्या भिंतींची षटकोनी चौकट वापरतात. 1990 साली आखलेल्या आंतरराष्ट्रीय टुंड्रा प्रयोगात अनेक देशांतल्या ठिकाणी हीच रीत आहे. तिला वीज लागत नाही, आणि आतली हवा उन्हाळ्यात साधारण 1 ते 3 अंशांनी गरम राहते. पण चौकट वाराही अडवते, हिवाळ्यात ठेवली तर हिमही अडवते आणि काही किड्यांची वाटही. म्हणून चौकट बसवण्याआधी एक पूर्ण हंगाम चौकटीच्या आणि तुलनेच्या, दोन्ही जागांचं मोजमाप करा. आत झुडूप जास्त असणं हा ऊबेचा परिणाम, की ते तिथे पहिल्यापासूनच जास्त होतं, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

वनस्पती मोजायला जाळीची चौकट घ्या. साधारण मीटरभर बाजूची, दोऱ्यांनी विणलेली, 100 छेदबिंदूंची. प्रत्येक बिंदूतून बारीक सुई सरळ खाली सोडायची आणि ती ज्या ज्या पानाला, फांदीला, शेवाळाला शिवेल त्याची वरपासून खालपर्यंत नोंद करायची, जिवंत की वाळलेलं यासह. एका चौकटीला दोन तास सहज जातात. पाठ मोडते, डास डोळ्यांत जातात. पण याच नोंदी दहा-वीस वर्षांनी कुणीतरी परत त्याच बिंदूंवर घेऊ शकतं. फुलोऱ्याच्या नोंदी दर दोन-तीन दिवसांनी आणि ठरवून खूण केलेल्या रोपांवर घ्या. काम करताना फळ्यांच्या पायवाटेवरूनच चाला. टुंड्रावर उमटलेली पावलांची वाट भरून यायला कित्येक वर्षं लागतात, आणि गाड्यांच्या चाकोऱ्या तर दशकानुदशकं राहतात.

सहावी पायरी: कारण ठरवताना घाई नको

हडसन उपसागराच्या किनाऱ्यावरच्या दलदली उजाड झाल्या. आर्क्टिकमध्ये उजाड जमीन दिसली की हवामानाकडे बोट दाखवायचा मोह होतो. तिथे मुख्य कारण होते हिमहंस. त्यांना दूर दक्षिणेत हिवाळ्यात शेतांतलं धान्य मुबलक मिळू लागलं, संख्या भरमसाट वाढली आणि उत्तरेत येऊन त्यांनी दलदली मुळांसकट उपटून खाल्ल्या.

रेड नॉट या पक्ष्याचं उलटं. इथे कारण हवामानच, पण परिणाम दिसतो भलतीकडेच. सायबेरियाच्या तैमिर द्वीपकल्पावर हिम लवकर वितळलेल्या वर्षी किड्यांचा बहर पिल्लांच्या आधीच येऊन जातो, पिल्लं लहान चणीची आणि आखूड चोचीची राहतात. त्याची किंमत ती मोजतात मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर, हिवाळ्यात, जिथे वाळूत खोल दडलेले शिंपले त्या चोचीला पोचत नाहीत.

तिसरं उदाहरण अलास्कातल्या टूलिक संशोधन स्थानकाचं. तिथे वीस वर्षं खत घातलेल्या तुकड्यांवर झुडपं जोमानं वाढली, पाहणाऱ्याला वाटेल कार्बन साठतोय. खालची माती तपासली तेव्हा खोल थरांतून त्याहून जास्त कार्बन निघून गेलेला होता. वर हिरवं दिसलं म्हणून खाली सगळं ठीक असतं असं नाही.

सातवी पायरी: तिथल्या लोकांना आधी भेटा

हा प्रदेश रिकामा नाही. इन्युइट, सामी, नेनेत्स, ग्विचिन अशा लोकांची ती जमीन आहे, आणि परवान्याचा अर्ज ही केवळ कागदाची बाब समजू नका. कॅनडातल्या नुनावुतमध्ये संशोधनाला परवाना लागतो आणि तुमचं काम स्थानिकांसमोर ठेवलं जातं. कॅनडातल्या इन्युइट संघटनेनं 2018 मध्ये स्वतःचं संशोधन धोरणच जाहीर केलं: प्रश्न ठरवण्यात आणि माहितीच्या मालकीत त्यांचा वाटा हवा. मला हे पूर्णपणे रास्त वाटतं. स्वालबार्डमध्ये संशोधन प्रकल्पाची ठरलेल्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते आणि गव्हर्नरची परवानगी कशाला लागेल ते तिथेच समजतं. माती आणि रोपांचे नमुने देशाबाहेर न्यायचे असतील तर त्याचे नियम वेगळे. या सगळ्याला सहा महिने ते वर्ष धरून चला.

शक्य असेल तर पहिल्याच भेटीत वयस्क पशुपालकाला किंवा शिकाऱ्याला विचारा, "गेल्या काही वर्षांत हिम कसं बदललंय?" आणि मग गप्प बसून ऐका. कोणत्या महिन्यात कवच धरतं, नदी पूर्वी कधी गोठायची, कोणती वाट आता धोक्याची झाली, हे ते तारखेवार सांगतील. त्यातून जे हाती लागेल त्याचं श्रेय त्यांच्या नावानं, त्यांची परवानगी घेऊन द्या.

आठवी पायरी: कुठे आणि कसं जायचं

स्वतःचा तंबू ठोकून सुरुवात करू नका. चालू असलेल्या स्थानकावर, चालू असलेल्या नोंदींना धरून काम करा. स्वीडनमधल्या अबिस्कोला 1913 पासून हवामानाच्या नोंदी आहेत, टूलिक 1975 पासून चालू आहे, स्वालबार्डमधल्या न्यू-ऑलेसुंदला अनेक देशांची स्थानकं आहेत आणि 2008 पासून भारताचं हिमाद्रीही तिथेच आहे. स्वालबार्डमधल्याच लाँगयरब्येन गावातल्या विद्यापीठ केंद्रात विद्यार्थ्यांसाठी अभ्यासक्रम चालतात. इंटरॅक्ट या जाळ्यातून अनेक स्थानकांची माहिती एका ठिकाणी मिळते, आणि तरुण ध्रुवीय संशोधकांची एपेक्स ही संघटना नवख्यांना हात देते. 2022 नंतर रशियातल्या स्थानकांशी सहकार्य जवळजवळ तुटलं, आणि आर्क्टिकच्या जमिनीचा फार मोठा हिस्सा तिकडे आहे. सायबेरियाच्या अलीकडच्या नोंदी विरळ असतील हे लक्षात ठेवूनच संपूर्ण आर्क्टिकबद्दल विधान करा.

सुरक्षेचं प्रशिक्षण टाळू नका. स्वालबार्डमध्ये वस्तीबाहेर जाताना अस्वलाला पळवून लावायची साधनं जवळ लागतात. 2025 पासून ध्रुवीय अस्वलापासून किमान 300 मीटर, आणि 1 मार्च ते 30 जून या काळात 500 मीटर अंतर राखण्याचा नियम आहे. न्यू-ऑलेसुंदला रेडिओ दुर्बिणीसाठी रेडिओ-शांतता पाळतात, वायफाय आणि ब्लूटूथ बंद. ब्लूटूथवर चालणारे नोंदक घेऊन गेलात तर ते पेटीतच राहतील, म्हणून खरेदीआधी स्थानकाला विचारा.

नववी पायरी: पुढच्या माणसासाठी नोंदी

प्रत्येक तुकड्याच्या चारही कोपऱ्यांना न गंजणारे खुंट ठोका, त्यावर क्रमांक कोरा, अक्षांश-रेखांश लिहा आणि चारही बाजूंनी फोटो काढा. जीपीएसच्या आकड्यात काही मीटरची चूक असते, म्हणून जवळच्या मोठ्या खडकापासून टेपनं अंतर आणि होकायंत्रानं दिशाही नोंदवा. वहीत पेन्सिलीनं लिहा, शाई थंडीत आणि पावसात दगा देते. सळई कुणी टोचली, किती वाजता, आदल्या दिवशी पाऊस होता का, दगड लागल्याची शंका कुठे आली, हे सगळं लिहा. शून्य आणि "मोजलं नाही" या दोन गोष्टी वेगळ्या खुणांनी दाखवा. संध्याकाळी स्थानकावर परतल्यावर, जेवणाआधी, पानांचे फोटो काढून दोन ठिकाणी साठवा. हंगाम संपला की आकडे एखाद्या खुल्या संग्रहात ठेवा आणि ज्या गावाच्या जमिनीवर काम केलं तिथे त्यांच्या भाषेत दोन पानांचा गोषवारा पाठवा. त्याची एक प्रत स्थानकाच्या कपाटात राहू द्या, खुंटांच्या नकाशासह, म्हणजे वीस वर्षांनी येणाऱ्याला तुमचा 14 क्रमांकाचा खुंट शेवाळाखाली चाचपून सापडेल.